गोलच्या आधीचा पास

गोल करणारीचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. तिच्या पायाशी चेंडू आणून देणारी फोटोच्या कडेला कुठेतरी, तेही धूसर. नॉर्वेची मिडफिल्डर हेगे रीसे त्या धूसर भागात १४ वर्षं खेळली आणि जगातली सगळी मोठी पदकं घरी घेऊन गेली.

२८ सप्टेंबर २०००. सिडनी ऑलिम्पिक, महिला फुटबॉलची फायनल. आपल्याकडे तेव्हा कर्णम मल्लेश्वरीच्या ब्राँझचं कौतुक ताजं होतं, त्यामुळे ही मॅच इथे फार कुणी पाहिली असेल असं वाटत नाही. समोरासमोर अमेरिका आणि नॉर्वे. अमेरिका म्हणजे तेव्हाची जगज्जेती आणि ऑलिम्पिकचीही विजेती. नॉर्वेनं याच स्पर्धेची सुरुवात याच अमेरिकेकडून ०-२ असा मार खाऊन केली होती.

पाचव्याच मिनिटाला अमेरिकेच्या टिफनी मिलब्रेटनं गोल केला. हाफ टाइमच्या तोंडावर ग्रो एस्पेसेथनं बरोबरी साधली. ७८व्या मिनिटाला रागनहिल्ड गुलब्रांडसेनचा गोल, नॉर्वे २-१. आता घड्याळ सरकायची वाट पाहायची, बस्स! पण ९० मिनिटं होऊन गेल्यावर, रेफरी कधीही शिट्टी वाजवेल अशा क्षणी मिलब्रेटनं हेडर मारून पुन्हा बरोबरी केली. अशा वेळी एखादी टीम मनातून खचते. जादा वेळेत ‘गोल्डन गोल’चा नियम होता, म्हणजे जो पहिला गोल करेल तो जिंकला, खेळ तिथेच खलास. (हा क्रूर नियम २००४ नंतर मोडीत निघाला, बरं झालं.)

१०२वं मिनिट. मैदानाच्या मधल्या भागातून सहा नंबरच्या जर्सीतली एक ३१ वर्षांची खेळाडू मान वर करून बघते आणि अमेरिकेच्या बचावफळीच्या डोक्यावरून लांब चेंडू सोडते. अमेरिकेची जॉय फॉसेट तो डोक्यानं अडवायला जाते, चेंडू उडतो, डॅग्नी मेलग्रेनच्या हाताला लागून खाली पडतो आणि मेलग्रेन तो जाळ्यात मारते. ३-२. सुवर्ण नॉर्वेचं.

चेंडू हाताला लागला की लावला, यावर अमेरिकन चाहते आजही वाद घालतात. मेलग्रेनचं नाव त्या वादामुळे तरी अमर झालं. सहा नंबरच्या जर्सीबद्दल मात्र कुणी वाद घालत नाही. ती हेगे रीसे. मोठी स्पर्धा जिंकायची ही तिची तिसरी खेप होती. १९९३ची युरोपियन चॅम्पियनशिप, १९९५चा वर्ल्ड कप आणि आता ऑलिम्पिक. तिन्ही सुवर्णपदकं गळ्यात असणाऱ्या नॉर्वेत तीनच जणी आहेत. ती, एस्पेसेथ आणि गोलकीपर बेंटे नॉर्डबी.

बंदी नव्हती तरी उशीरच

हेगेचा जन्म १८ जुलै १९६९चा, ऑस्लोजवळच्या लोरेनस्कोग गावातला. ती सात वर्षांची होईपर्यंत नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाच्या लेखी मुलींचं फुटबॉल नावाची गोष्टच नव्हती. १९७६ साली महासंघानं महिलांच्या फुटबॉलला मान्यता दिली आणि दोन वर्षांनी नॉर्वेच्या महिला स्वीडनविरुद्ध पहिली आंतरराष्ट्रीय मॅच खेळल्या.

तुम्ही म्हणाल, १९७६ म्हणजे किती उशीर! पण बाकीच्यांचं बघा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं १९२१ मध्ये महिलांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर पाय ठेवायला मनाई केली, ती जवळपास ५० वर्षं टिकली. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० बंदी. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून सरकारी फर्मानच होतं, बायकांनी त्यांच्या ‘प्रकृतीला न मानवणारे’ खेळ खेळू नयेत म्हणून, ते १९७९ पर्यंत चाललं. ज्या देशांना आपण फुटबॉलचे देश म्हणतो त्यांनी आपल्या निम्म्या लोकसंख्येला मैदानाबाहेर ठेवलं होतं. त्यामुळे १९७६ मध्ये सुरुवात करूनही नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क ही मंडळी रांगेत पुढे होती.

त्यात नॉर्वेला एलेन विले नावाची एक बाई लाभली. १९८६ मध्ये मेक्सिकोत फिफाची परिषद भरली होती. समोर सगळे पुरुष पदाधिकारी. विले व्यासपीठावर गेली आणि फिफाच्या कागदपत्रांत महिलांच्या फुटबॉलचा धड उल्लेखही नाही, हे तिनं सर्वांसमोर सांगितलं. महिलांचा वर्ल्ड कप हवा आणि ऑलिम्पिकमध्येही महिलांचं फुटबॉल हवं, अशी मागणी केली. फिफाच्या परिषदेत बोलणारी ती पहिली बाई. दोन वर्षांनी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एक चाचणी स्पर्धा झाली. ‘बायकांचा वर्ल्ड कप बघायला कुणी येईल का’ हे तपासायला म्हणे! लोक आले. स्पर्धा नॉर्वेनं जिंकली.

हेगे त्यात नव्हती. तिचं नॉर्वेसाठीचं पदार्पण १९९०चं. पण वर्ल्ड कप नावाचं दार उघडलं आणि ती नेमकी त्याच वेळी उंबऱ्यावर आली, हे तिचं नशीब. दहा वर्षं आधी जन्मली असती तर कदाचित कुणाला नावही कळलं नसतं.

चॉकलेटच्या गोळ्यांचा वर्ल्ड कप

महिलांचा पहिला वर्ल्ड कप नोव्हेंबर १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. फिफाला त्याला ‘वर्ल्ड कप’ म्हणायचा धीर होईना. कुणी आलं नाही तर नाव खराब व्हायचं! म्हणून स्पर्धेच्या अधिकृत नावात एम अँड एम्स या रंगीत चॉकलेट-गोळ्यांचं नाव घातलं. मॅच ९० नव्हे, ८० मिनिटांची. कारण बायका दमतील ना! आज वाचताना हसू येतं, पण हे सगळं गंभीर चेहऱ्यानं ठरवलेलं होतं.

नॉर्वेची सुरुवात भयानक झाली. यजमान चीनकडून ०-४. तिथून सावरत ही टीम थेट फायनलमध्ये पोहोचली. ग्वांगझूच्या स्टेडियममध्ये साठ हजारांहून जास्त लोक. लिंडा मेडालेननं अमेरिकेशी १-१ अशी बरोबरी साधली आणि संपायला दोनच मिनिटं असताना नॉर्वेच्या बचावातला एक बॅकपास चुकला. मिशेल एकर्सनं तो पकडला, गोलकीपरला चुकवलं आणि संपलं. २-१, अमेरिका.

या फायनलनंतर दहा वर्षं महिला फुटबॉलमध्ये जे वैर गाजलं ते अमेरिका विरुद्ध नॉर्वे. एकीकडे महाकाय देश, कॉलेजांमध्ये मुलींसाठी स्कॉलरशिप आणि पक्की व्यवस्था. दुसरीकडे साधारण ४३ लाख वस्तीचा नॉर्वे, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी माणसं. तिथल्या खेळाडू नोकरी सांभाळून खेळायच्या. मेडालेन ऑस्लोत पोलिसात होती. गोल करायचे आणि ड्युटीवर हजर व्हायचं!

हेगेचा क्लब होता सेटस्कोग. नकाशात शोधायला गेलात तर ऑस्लोच्या पूर्वेला, जंगलात, स्वीडनच्या बाजूला सापडेल. गावाच्या नावाचा शेवटचा ‘स्कोग’ म्हणजेच जंगल. त्या काळी नॉर्वेतली एक बलाढ्य महिला टीम अशा गावाच्या नावानं खेळत होती, हे मला फार आवडतं. हा क्लब पुढे नाव बदलत बदलत शहराकडे सरकला, त्याची गोष्ट शेवटी येईलच.

१९९३ मध्ये इटलीतल्या चेझेना शहरात युरोपियन चॅम्पियनशिपची फायनल झाली. समोर यजमान इटली. १-०, गोल बिर्थे हेगस्टाडचा. हेगेचं पहिलं मोठं सुवर्ण.

स्वीडनमधले पावसाळी दिवस

जून १९९५. दुसरा वर्ल्ड कप शेजारच्या स्वीडनमध्ये. प्रशिक्षक एव्हन पेलेरूड यांची पद्धत सरळसोट होती. चेंडू लवकर पुढे द्या, समोरच्याला श्वास घेऊ देऊ नका, उंच चेंडूवर तुटून पडा. बघायला फार गोड नाही. जाणकार नाकं मुरडायचे. पण अशा धसमुसळ्या खेळात मधोमध एक तरी डोकं शांत लागतं, नाहीतर नुसती धावपळ होते. ते डोकं हेगेचं. चेंडू कधी लांब मारायचा, कधी पायाशी धरून ठेवायचा आणि कधी कुणाच्या नकळत बाजूला सरकवायचा, हे ती ठरवायची. तिचा वेग काही डोळे दिपवणारा नव्हता. पण तिचा पास जिथे पडायचा तिथे दुसऱ्या क्षणी आपली खेळाडू असायची. म्हणजे तिला ते आधीच दिसलेलं असायचं.

निकाल वाचा. नायजेरिया ८-०. इंग्लंड २-०. कॅनडा ७-०. उपांत्यपूर्व फेरीत डेन्मार्क ३-१. या चारही सामन्यांत हेगेचा एकेक गोल आहे. पास देणारी म्हणून जिचं कौतुक, ती गोल करायलाही मागे नव्हती.

उपांत्य फेरीत पुन्हा अमेरिका. चार वर्षांपूर्वीचा तो बॅकपास कुणीच विसरलं नव्हतं. दहाव्या मिनिटाला कॉर्नरवरून उंचपुऱ्या आन क्रिस्टिन ओरेनेसनं हेडरनं गोल केला. मग सुरू झाला अमेरिकेचा हल्ला. त्यात शेवटच्या पंधराएक मिनिटांत कर्णधार हेइडी स्टोरे रेड कार्ड मिळून बाहेर. दहा जणींनी ते १-० शेवटपर्यंत धरून ठेवलं. शिट्टी वाजली आणि नॉर्वेच्या पोरी गुडघ्यांवर बसल्या, प्रत्येकीनं पुढचीचे घोटे पकडले आणि आगगाडीसारख्या रांगत मैदानावर फिरल्या. लहानपणी आपण झुकझुक गाडी खेळतो, अगदी तशी. जगज्जेत्या अमेरिकन खेळाडूंना हे उभं राहून बघावं लागलं. त्या रांगत्या गाडीचा राग त्यांनी वर्षभर मनात ठेवला, हे पुढे दिसलंच.

फायनल १८ जूनला, स्टॉकहोमजवळच्या रोसुंदा स्टेडियममध्ये, जर्मनीविरुद्ध. पावसानं मैदान ओलं. कर्णधार स्टोरे निलंबित, म्हणजे मिडफिल्डचा निम्मा भार आता हेगेवर. ३७वं मिनिट. यावेळी तिनं पास दिला नाही. चेंडू घेऊन ती स्वतःच जर्मन बचावात घुसली, हुलकावणी दिली आणि फटका मारला. गोलकीपर मान्युएला गोलरनं झेप घेतली, पण चेंडू आत. तीनच मिनिटांनी मारियान पेटरसननं दुसरा गोल केला. २-० आणि वर्ल्ड कप नॉर्वेचा. सहा सामने, २३ गोल केले, एकच खाल्ला.

स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ हेगे रीसेला मिळाला. सव्विसावा वाढदिवस महिन्यावर आलेला. नॉर्वेच्या पुरुषांच्या टीमला आदल्या वर्षी अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये पहिली फेरीही ओलांडता आली नव्हती. नॉर्वेत फुटबॉलचा वर्ल्ड कप आणला तो या नोकऱ्या सांभाळणाऱ्या बायकांनी!

मला विचाराल तर तिचा तो फायनलचा गोल तिच्या करिअरमधली सर्वांत गाजलेली आणि सर्वांत तिच्यासारखी नसलेली गोष्ट आहे. तिला ओळखायचं तर बाकीच्या २२ गोलांची सुरुवात कुठून झाली, ते पाहावं.

पगार मिळाला, पण कुठे?

जगज्जेती झाली, जगातली सर्वोत्तम ठरली. पुढे काय? आज अशा खेळाडूच्या दारात बार्सिलोना, चेल्सी, लिऑन रांग लावतील. १९९५ मध्ये युरोपात तसं काहीही नव्हतं. महिलांना फुटबॉलचे खरेखुरे पैसे देणारी एक जागा होती, जपान. तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी महिलांच्या टीम पाळल्या होत्या आणि परदेशी खेळाडूंना त्या बोलावून घेत. हेगे टोकियोच्या भागातल्या निक्को सिक्युरिटीज ड्रीम लेडीज या टीममध्ये गेली. मेडालेनही तिथेच. शेअर बाजारातल्या कंपनीची टीम आणि नाव ‘ड्रीम लेडीज’! पण पगार होता, सराव होता आणि खेळ हेच काम होतं. पुढे जपानला मंदीनं घेरलं, कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली आणि ही टीमही बंद पडली.

याच काळात एलेन विलेची दुसरी मागणी पूर्ण झाली. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिलांचं फुटबॉल आलं. उपांत्य फेरीत, सांगायलाच नको, नॉर्वे विरुद्ध अमेरिका. साठ हजारांहून जास्त प्रेक्षक. मेडालेनच्या गोलनं नॉर्वे बराच वेळ पुढे होती. शेवटच्या पंधरा मिनिटांत अमेरिकेला पेनल्टी मिळाली आणि जादा वेळेत शॅनन मॅकमिलननं गोल्डन गोल मारला. आगगाडीची परतफेड झाली. नॉर्वेनं ब्राझीलला हरवून ब्राँझ घेतलं. १९९९च्या वर्ल्ड कपमध्ये चीननं उपांत्य फेरीत ५-० असं धुतलं आणि तिसऱ्या क्रमांकाची मॅच पेनल्टी शूटआउटमध्ये गेली.

हे सगळं पाठीशी घेऊन हेगे सिडनीला गेली होती, हे लक्षात ठेवून तो १०२व्या मिनिटाचा पास पुन्हा आठवा. गोल्डन गोल खाल्ल्यावर काय वाटतं हे तिला माहीत होतं. समोर तीच टीम होती.

२००१ मध्ये अमेरिकेत महिलांची पहिली पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. तिचं नाव डब्ल्यूयूएसए. हेगे कॅरोलिना करेज टीममध्ये दाखल झाली आणि २००२ मध्ये या टीमनं लीग जिंकली. ज्यांचा घास तिनं हिसकावला होता त्याच अमेरिकनांच्या देशात आता ती लाडकी झाली. पण २००३ मध्ये, वर्ल्ड कप तोंडावर असताना, लीगचे पैसे संपले आणि तिलाही कुलूप लागलं. आधी जपान, मग अमेरिका. तिच्या पिढीच्या नशिबात हे होतं. त्यांच्यासाठी दार उघडायचं आणि त्या आत शिरल्या की घर पडायचं.

२००४ मध्ये तिनं आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. १८८ सामने, ५८ गोल. मिडफिल्डरसाठी हा आकडा मोठाच. तिनं किती गोल ‘करवले’ याचा हिशेब त्या काळात कुणी नीट ठेवत नव्हतं. आता तर एखादीनं मॅचमध्ये किती पास दिले आणि त्यातले किती पोहोचले हे मॅच संपायच्या आत मोबाइलवर येतं.

बाकावरची हेगे

निवृत्तीनंतर ती प्रशिक्षक झाली. आणि इथे गोष्टीला गंमतीचं वळण आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय टीमच्या स्वीडिश प्रशिक्षक पिया सुंधागे यांनी तिला सहायक म्हणून बोलावलं. ज्या टीमला तिनं १९९५ आणि २००० मध्ये रडवलं, तिच्याच डगआउटमध्ये ती बसली. २०१२ मध्ये लंडनला अमेरिकेनं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं तेव्हा ती सुंधागे यांच्या सोबत होती. ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षकांना पदक मिळत नाही, खेळाडूंनाच मिळतं. म्हणजे इथेही ती फोटोच्या कडेलाच!

मग नॉर्वेत परत येऊन तिनं एलएसके क्विनर ही टीम घेतली. ‘क्विनर’ म्हणजे महिला. जंगलातल्या सेटस्कोगचा क्लब पुढे टीम स्ट्रोमेन झाला आणि शेवटी एलएसके क्विनर, हेच ते सरकत गेलेलं घर. तिच्या हाताखाली ही टीम नॉर्वेची लीग जिंकत राहिली आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. तिथे गाठ पडली बार्सिलोनाशी. युरोपातल्या मोठ्या क्लबांनी महिलांच्या टीममध्ये पैसा ओतायला सुरुवात केली होती आणि नॉर्वेच्या चांगल्या पोरी एकेक करून तिकडे चालल्या होत्या. त्यात चूक काही नाही. हेगेही जपानला गेलीच होती की!

२०२१च्या सुरुवातीला इंग्लंडनं नवी कायम प्रशिक्षक येईपर्यंत तिच्या हाती टीम सोपवली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ग्रेट ब्रिटनची टीमही तिच्याकडेच होती. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाकडून जादा वेळेत ३-४ अशी हार. एलेन व्हाइटनं हॅट्रिक केली तरी हार. नंतर सरिना विगमन आल्या आणि पुढच्याच वर्षी इंग्लंड युरोपियन चॅम्पियन झालं.

त्याच २०२२च्या युरोमध्ये नॉर्वेचं काय झालं ते सांगायला नकोसं वाटतं. ब्रायटनमध्ये इंग्लंडविरुद्ध ०-८. ज्या देशाच्या असोसिएशननं बायकांना मैदानावर येऊ दिलं नव्हतं, त्या देशानं नॉर्वेला आठ गोल मारले. रांगेत आधी उभं राहण्याचा फायदा कधीच संपला होता. २०१७च्या युरोत तर नॉर्वे तिन्ही सामने हरली होती आणि एकही गोल नव्हता. त्यानंतर स्टार स्ट्रायकर आडा हेगरबर्गनं महासंघ महिलांच्या टीमला कसं वागवतो यावर नाराज होऊन राष्ट्रीय टीमसाठी खेळणं थांबवलं. त्याच वर्षी नॉर्वेनं पुरुष आणि महिलांना राष्ट्रीय टीमसाठी सारखे पैसे देण्याचा करार केला, पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्यातली रक्कम सोडली. जगभर टाळ्या पडल्या. हेगरबर्ग परतली ती मात्र २०२२ मध्ये. तिचं भांडण फक्त पैशाचं नव्हतंच.

०-८ नंतर प्रशिक्षक गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नॉर्वेनं आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला हाक मारली. हेगे रीसे, मुख्य प्रशिक्षक. आपल्याकडे जुन्या कर्णधाराला कोच केलं की जशी आशा पल्लवित होते, तसंच.

२०२३चा वर्ल्ड कप. ऑकलंडला उद्घाटनाच्या सामन्यात न्यूझीलंडकडून ०-१. न्यूझीलंडचा वर्ल्ड कपमधला हा पहिलावहिला विजय. दुसऱ्या सामन्यासाठी हेगेनं बार्सिलोनाच्या कॅरोलिन ग्रॅहम हॅन्सनला बाकावर बसवलं. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, आणि बाकावर! त्यात सामना सुरू होण्याआधी ऐनवेळी हेगरबर्गला दुखापत झाली. स्वित्झर्लंडशी ०-० बरोबरी. सामन्यानंतर ग्रॅहम हॅन्सननं कॅमेऱ्यासमोर मनातलं सगळं बोलून टाकलं. वर्षभर आपल्याला तुडवल्यासारखं वाटतंय, असा तिचा सूर होता. दुसऱ्या दिवशी तिनं माफी मागितली. फिलिपिन्सविरुद्ध ती पहिल्या अकरात परतली, गोलही केला, नॉर्वे ६-० अशी जिंकली. मग बाद फेरीत वेलिंग्टनला समोर जपान आलं, हेगेला पहिला खरा पगार देणारा देश. १-३. घरी.

त्याच वर्षी तिची ही जबाबदारी संपली.

इथे दोन बाजू घेता येतात आणि नॉर्वेत त्या घेतल्याही गेल्या. ग्रॅहम हॅन्सनला बसवणं ही चूक होती, असं मलाही वाटतं. पण आणखी एक गोष्ट खटकते. मैदानावर हेगे न बोलता खेळ चालवायची. चेंडू कुठे जाणार हे तिला कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं, ती सरळ द्यायची. बाकावरून तसा पास देता येत नाही. तिथे बोलावं लागतं, का बसवलंय ते नीट सांगावं लागतं आणि आजच्या खेळाडू ते विचारतात. त्यांनी विचारावं अशी परिस्थिती हेगेच्याच पिढीनं तयार केली. १९९१ मध्ये ‘८० मिनिटंच का’ असं कुणी विचारलं असतं तर उत्तर द्यायलाही कुणी थांबलं नसतं.

आता नॉर्वेची टीम गेमा ग्रेंजर या वेल्सहून आलेल्या इंग्लिश प्रशिक्षकाकडे आहे. २०२५च्या युरोत त्यांनी गटातले तिन्ही सामने जिंकले, ग्रॅहम हॅन्सन आणि हेगरबर्ग दोघीही खेळल्या. उपांत्यपूर्व फेरीत इटलीनं २-१ असं हरवलं. हेगरबर्गची एक पेनल्टी बाहेर गेली आणि नंतर तिनंच बरोबरीचा गोल केला. शेवटच्या क्षणी इटलीच्या क्रिस्तियाना जिरेलीनं हेडर मारला आणि खेळ संपला. गेल्या २५ वर्षांत नॉर्वेच्या महिलांनी युरोच्या दोन फायनल गाठल्या, २००५ आणि २०१३. दोन्ही जर्मनीनं जिंकल्या. त्यांचं शेवटचं मोठं सुवर्ण अजूनही सिडनीचंच आहे, सहा नंबरच्या जर्सीनं मान वर करून सोडलेल्या त्या लांब पासवरचं.